सत्तर टक्के वारा

नबिलाने स्टीलचा डाव ओट्यावरून मुद्दाम खाली पाडला.

हॉलमध्ये गालिच्यावर पालथी पडून चित्र रंगवणाऱ्या हलिमाने मान वळवली. "व्हॉट फेल, अम्मी?" एवढंच विचारून तिने पुन्हा खडू उचलला. नबिलाने डाव धुतला, जागेवर ठेवला आणि ओट्याखालच्या कपाटाचं दार जरा जोरात लोटलं. हलिमाने पुन्हा पाहिलं. मग नबिला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. सासूबाई बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होत्या, त्यांची पाठ होती. लेकीचीही पाठ होती. मधे चार पावलांचं अंतर. नबिलाने रोजच्या बोलण्याच्या आवाजात, ना हळू ना मोठ्याने, हाक मारली.

"हलिमा."

खडू चालत राहिला.

डावाला वळली, दाराला वळली, नावाला नाही वळली.

पंधरा दिवस हेच चाललं होतं. दिवसातून पाच-सहा वेळा नबिला सात वर्षांच्या लेकीच्या पाठीमागे जाऊन उभी राहायची. कधी किल्ल्या वाजवायची, कधी टाळी, कधी नुसतं नाव. आणि दर वेळी हाक ओठांवर यायच्या आधी मनात म्हणायची, या अल्लाह, या वेळी वळू दे.

हे शाळेची ईमेल आल्यापासूनचं. क्लास टीचरने फार गोड इंग्रजीत लिहिलं होतं, की हलिमा पहिल्या बाकावर बसूनही हल्ली सूचना ऐकत नाही, शेजारणीच्या वहीत बघून लिहिते; तिचे कान आणि कानातली मशीन, दोन्ही पुन्हा तपासून घ्यावेत. त्यातला 'हल्ली' नबिलाच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला होता. कोरड्या भाताचे घास गिळून काटा उतरतो म्हणतात. हा उतरत नव्हता.

एप्रिलमध्ये कानाच्या क्लिनिकमधल्या रोशन मॅडमनी हलिमाच्या दोन्ही कानांत ऐकायची मशीन बसवली तेव्हा सांगितलं होतं, "माइल्ड है, घबराइए मत. बस हर छह महीने में देखते रहेंगे. कुछ बच्चों में आगे बढ़ता है, ज़्यादातर में नहीं." याकूबने त्यातलं 'ज़्यादातर में नहीं' ऐकलं. नबिलाने 'आगे बढ़ता है' ऐकलं. खुर्चीला खुर्ची लावून बसलेले नवराबायको, पण घरी येताना दोघांच्या हाती दोन वेगळी वाक्यं होती.

"दाताच्या डॉक्टराकडे किती वाजता जायचा हाय?" कपड्यांचा ढीग छातीशी धरून मैमुनाबी आत आल्या.

"साडेदहाला, आई."

"शनवारी पण बसतो?"

"इथे शनिवारीच गर्दी असते."

मैमुनाबींनी कपडे सोफ्यावर टाकले आणि गुडघ्यावर हात टेकत नातीजवळ बसल्या. तिची हनुवटी धरून वर केली. "दाखव गं बाय. आ कर. हे बघ, तांदळाच्या कणीसारखे दात. ह्यात कसला किडा शोधतेस तू, नबिला? दुबईच्या डॉक्टरांना कामधंदा नाय."

हलिमा तोंड उघडं ठेवून आईकडे बघत होती. नबिला पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली.

मैमुनाबी ऑक्टोबरात श्रीवर्धनहून आल्या होत्या, दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर. त्या यायच्या आठवडाभर आधी याकूबने जेवताना विषय काढला होता. तो एका कार्गो कंपनीत होता. माल कुठे उतरवायचा आणि कुठे गुपचूप पुढे न्यायचा, याची त्याला सवय. "आईच्या कानावर गेलं म्हणजे श्रीवर्धनच्या बाजारपेठेत गेलं," तो म्हणाला. "मग लाडवाडीत, मग म्हसळ्यात. उद्या पोरीचं लग्नाचं वय होईल तेव्हा कोणी ना कोणी आठवण काढेलच. दोन महिन्यांचा प्रश्न आहे. खलास, विषय नको."

त्याने विषय मिटवला. कान मिटवायचं काम नबिलावर आलं.

तोवर हलिमाचे केस मोकळे असायचे, कानांवरून येणारे. मशीन अगदी लहान, कानामागे भुईमुगाच्या शेंगेतल्या दाण्याएवढी. हलिमाला जांभळी, चमकीवाली हवी होती. नबिलाने केसांच्या रंगाची घेतली होती. पण मैमुनाबी आल्या म्हणजे नातीच्या डोक्यावर तेल थापणार, चापूनचोपून दोन वेण्या घालणार. म्हणून नबिला बर दुबईला मीना बाजारात गेली. कापडाच्या पाच दुकानांत हिंडली. नरम कापड कानाला चिकटतं, खालचा उंचवटा दाखवतं. तिने जरा कडक, दाट विणीचं निवडलं. घरी येऊन ओढणी बेतली. आत घालायची टोपी शिवली आणि तिला कानांच्या जागी दुहेरी अस्तर लावलं. आरशासमोर हलिमाला उभं करून डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. काही दिसत नव्हतं.

"कोणी काही म्हटलं तरी काढायची नाही," तिने लेकीला बजावलं. "हात लावायचा नाही. टीचरने म्हटलं तरी."

"व्हाय?"

"चांगल्या मुली नाही काढत."

एअरपोर्टवर मैमुनाबींनी नातीला पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "माशाल्ला! सात वर्षांची पोर, आणि डोक्यावरनं पदर ढळत नाय." शारजात राहणारी नणंद खैरुन्निसा भेटायला आली तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "नबिला, तू तर कमालच केलीस हां. आमची उझमा दहाची झाली, अजून केस उडवत फिरते. जरा शिकव तिला." बोलण्यात साखर होती आणि साखरेत खडा होता. ही उझमा हलिमाच्याच शाळेत, मधल्या सुट्टीत तिच्याच शेजारी. म्हणून ओढणी शाळेतही गेली. सकाळी सहाला बसायची ती रात्री झोपताना उतरायची. मशीन डबीत आणि डबी नबिलाच्या उशीखाली.

सगळे तारीफ करत होते आणि नबिलाला प्रत्येक तारीफ टोचत होती. पण त्याहून मोठं टोचणारं एक चित्र तिच्या डोळ्यांसमोर होतं. लग्न होऊन ती श्रीवर्धनला गेली तेव्हा मागच्या अंगणात एक बाई सुपाऱ्या सोलत बसली होती. बदरुन्निसा, सासऱ्यांची बिनलग्नाची बहीण. आळीतली पोरं तिला हाक मारत नव्हती. सुपारीची टरफलं पाठीत मारत होती. टरफल लागलं की ती वळायची, हसायची आणि विचारायची, "काय रे बाबा?" पोरं खिदळत पळायची. 'बहिरी बदरू.' नव्या नवरीचे हात अजून मेंदीचे होते. ती हसणारी मान वळताना तिने पाहिली होती, आणि आता कधी हलिमा हाकेला वळली नाही की तिला तीच मान दिसायची.

"बाय माझी, इकडे ये. अजून वेळ हाय." मैमुनाबींनी हलिमाला मांडीत ओढलं आणि डोलायला लागल्या. त्यांच्या स्वतःच्या कानांत वरपासून खालपर्यंत बाळ्या होत्या, ओढणी कानांमागे खोचलेली. आवाज पातळ होता, पण सूर ढळत नव्हता.

"दर्याच्या पल्याड बाय, माझ्या लेकाचा गं गाव,
वाऱ्याच्या कानी सांगते, माझ्या नातीचा गं नाव."

हलिमाने मागे रेलून आपली पाठ दादीच्या छातीला टेकवली आणि डोळे मिटले. मैमुनाबींना त्यात लाड दिसले. नबिलाला दिसलं ते वेगळंच. पोर गाणं कानाने ऐकत नाही, पाठीने ऐकतेय. कान संपत आले, आता पाठीची वेळ आली.

"चल," ती म्हणाली. आवाज नको इतका मोठा निघाला. "यल्ला, हलिमा, उशीर होतोय."

क्लिनिक करामातल्या घरापासून टॅक्सीने दहा मिनिटांवर. काचेबाहेर मेट्रोचा पूल, दुकानांच्या पाट्या, हिवाळ्याचं कोवळं ऊन. हलिमा खिडकीला नाक लावून बसली होती. एप्रिलमध्ये, मशीन बसवल्याच्या दिवशी, याच रस्त्याने परत येताना ती गप्प बसली नव्हती. टॅक्सीचा इंडिकेटर टिकटिक करतो हे तिला त्या दिवशी कळलं. घरी आल्यावर फ्रिज बोलतो हे कळलं. बाल्कनीतल्या साळुंक्यांना पाहून ती ओरडली होती, "अम्मी, दे आर फायटिंग!" स्वतःच्या चपलेचा आवाज ऐकायला ती पॅसेजमधून दहा वेळा धावली होती. भरतीचं पाणी खाडीत शिरतं तसे आवाज तिच्यात शिरले होते. आणि आता सहा-सात महिन्यांतच ओहोटी.

"भैया, थोडा जल्दी," नबिला ड्रायव्हरला म्हणाली. अपॉइंटमेंटला अजून पंचवीस मिनिटं होती.

रोशन मॅडम हैदराबादच्या. गोल चेहरा, गळ्यात चष्म्याची दोरी, मुलांसाठी टेबलावर काजूचा डबा. त्यांनी हलिमाला ओढणी, टोपी, मशीन काढायला सांगितलं आणि काचेच्या खोलीत नेलं. हेडफोन लावला, हातात बटण दिलं. "आवाज आया तो दबाना. एकदम छोटा आवाज भी. चींटी की छींक भी."

हलिमा हसली.

नबिला काचेच्या बाहेर बसली, मांडीवर लेकीची टोपी आणि ओढणी. आत काय वाजतंय ते तिला ऐकू येत नव्हतं. फक्त लेकीचा अंगठा दिसत होता. अंगठा दाबला. थांबला. दाबला. थांबला. खूप वेळ थांबला. नबिलाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, इतकं की बोट पांढरं पडलं. दाब गं. दाब ना. अंगठा दाबला गेला आणि तिने वेढा सोडला. काचेपलीकडच्या त्या अंगठ्यावर तिचं सगळं जग तोलून धरलेलं होतं आणि रोशन मॅडम मधेच काजू खात होत्या.

वीस मिनिटांनी त्यांनी कागद काढला. त्याच्याशेजारी एप्रिलचा कागद ठेवला. दोन्ही कागदांवर गोल आणि फुल्या.

"देखिए," त्या म्हणाल्या. "सेम."

"मतलब?"

"मतलब सेम. जहाँ थी, वहीं है. एक सुई भर भी नहीं हिली."

नबिला खुर्चीत पुढे सरकली. "पर मॅडम, सुनती नहीं है. घर में मैं खुद देखती हूँ. नाव लेती हूँ, नाव..." तिची हिंदी मराठीत घसरली. "स्कूल से भी लिखा है."

"हाँ, वो मैंने पढ़ा." रोशन मॅडमनी दोन्ही मशीन एका वायरला जोडल्या आणि कॉम्प्युटरचा पडदा नबिलाकडे वळवला. "मशीन अपनी डायरी लिखती है. बच्ची दिन में कितने घंटे पहनती है, आसपास क्या था. बातचीत, शांति, शोर, हवा. पहनने में तो फुल मार्क्स, रोज़ तेरह घंटे." त्यांनी बोट पडद्यावर फिरवलं आणि थांबवलं. चष्मा लावला. "सितंबर तक ठीक. ऑक्टोबर से ये देखिए. सत्तर टक्का हवा."

"हवा?"

"वारा, वारा." पुण्यात दोन वर्षं शिकलेल्या रोशन मॅडमना तेवढं मराठी येत होतं. "आप लोग करामा में ही रहते हो ना? करामा में इतनी हवा? ये बच्ची क्या समंदर में नाव चलाती है?"

नबिला बसमधल्या एसीचं काहीतरी बोलू लागली. रोशन मॅडम ऐकत होत्या, पण पाहत होत्या तिच्या मांडीकडे. त्यांनी हात पुढे केला. नबिलाने टोपी दिली. रोशन मॅडमनी कानाच्या जागचं कापड अंगठा आणि बोटामध्ये धरून चोळलं, एकदा, दोनदा. दुहेरी अस्तर उलटून पाहिलं.

"किसने सिला?"

"मैंने."

"सिलाई अच्छी है," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी ड्रॉवरमधून डॉक्टरांच्या नळीसारखी एक नळी काढली. तिच्या टोकाला हलिमाची मशीन बसवली आणि दुसरी टोकं नबिलाला कानांत घालायला दिली. पहिल्यांदा नबिलाला खोलीच ऐकू आली. कागदाची सळसळ, खुर्चीचं चाक, काजूच्या डब्याचं झाकण. हलिमा म्हणाली, "कॅन आय हॅव वन?" आणि ते शब्द पाण्याने धुतल्यासारखे स्वच्छ, अगदी जवळून आले.

रोशन मॅडमनी मशीनवर टोपीचं अस्तर ठेवलं, त्यावर ओढणीची घडी, आणि चालताना-बोलताना हलते तशी हळूच हलवली.

नबिलाने डोळे मिटले. कोणी तरी कानाशी पापडाचं पाकीट चुरगळत होतं. थांबत होतं, पुन्हा चुरगळत होतं. त्या खरखरीच्या पलीकडे, दोन भिंती सोडून, रोशन मॅडम काहीतरी बोलत होत्या. त्यांचे ओठ हलत होते. नबिलाने ते पाहण्यासाठी डोळे उघडले आणि आपण काय करतोय हे तिच्या लक्षात आलं. ती ओठांकडे बघत होती. हलिमा बघायची तशी.

तिने नळी काढून टेबलावर ठेवली.

"कपड़े की रगड़ मशीन को हवा लगती है. ओढनी को ना नहीं है," रोशन मॅडम सांगत होत्या. "मेरे पास कितनी बच्चियाँ आती हैं, सब पहनती हैं. नरम कपड़ा लीजिए, कान के पीछे से बाँधिए. माइक खुला रहे, बस. दिखेगा थोड़ा. दिखने दीजिए."

कान जागेवर होते. कुठेही गेले नव्हते. ज्याच्यासाठी पंधरा दिवस दुआ मागितली ते मिळालं होतं. पण आनंद आणि आणखी काहीतरी, दोघं एकाच दारातून एकदम आत शिरायला बघत होते आणि दोघंही अडकले होते.

बाहेर कॉरिडॉरमध्ये आंब्याच्या रसाचा डबा घेऊन हलिमा बाकावर बसली, पाय लोंबकळत. मशीन कानात होती. ओढणी नबिलाच्या पर्समध्ये. नबिला तिच्यासमोर उकिडवी बसली.

"तुला असा आवाज यायचा? खरखर?"

"या."

"रोज?"

"ओन्ली व्हेन आय मूव्ह." हलिमाने जरा विचार केला. "अँड व्हेन आय चू."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"यू सेड डोन्ट टच." स्ट्रॉ चावत ती म्हणाली. मग आईचं मराठी आलं की तिचंही थोडं यायचं, तसं आलं. "एकदा मागे केली होती मी. इन मॅथ्स. मग सगळं ऐकू आलं, टीचर पण. बट देन उझमादीदी नोटीस घेऊन आली, सो आय पुट इट बॅक."

"तरी पण बेटा, मला तरी सांगायचंस. घरी."

"देन यू मेक दॅट फेस."

"कुठला फेस?"

हलिमाने रसाचा डबा बाजूला ठेवला. भुवया जवळ आणल्या, खालचा ओठ दातांत धरला आणि नजर एका जागी ठेवली. कॉरिडॉरमधून जाणारी नर्स हसली. नबिलाला हसू आलं नाही. असा चेहरा तिने आरशात कधी पाहिला नव्हता, पण कोणाचा आहे ते विचारावं लागलं नाही.

"मला माहितेय तू मागे येऊन उभी राहतेस," हलिमा पुढे म्हणाली, पुन्हा स्ट्रॉ शोधत. "स्पून इज ईझी. नाव हार्ड असतं. सो आय गेस. आय काउंट टिल टेन अँड टर्न. समटाइम्स इट्स राइट अँड यू गेट हॅपी." तिने शेवटचा घोट ओढला. "टुडे आय गेस्ड राँग. सॉरी."

नबिलाने तिच्या दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले आणि बराच वेळ ते तिथेच राहू दिले.

टॅक्सीत फोन वाजला. खैरुन्निसा. "आम्ही निघालो गं. ट्रॅफिक नाही आज, अर्ध्या तासात पोचतो. उझमाला तुझ्या हातची कोळंबी हवीय. आणि हलिमाचा दात काढला का? आई सांगत होती."

"या तुम्ही," नबिला म्हणाली.

फोन ठेवताच हलिमाने हात पुढे केला. "गिव्ह मी माय स्कार्फ."

"नको आता. घरी जाऊन दुसरी बेतू. नरम कापडाची."

"बट फुपू इज कमिंग. अँड उझमादीदी." तिने पर्सची चेन ओढायचा प्रयत्न केला. "अम्मी, प्लीज. दे विल सी."

"दिसू दे."

नबिला हे म्हणाली खरी, पण शब्द रोशन मॅडमचे होते, उसने. ते तिच्या अंगाला अजून बसत नव्हते. याकूबला फोन करावा का? तो म्हणेल, वेडी आहेस का, अजून पंधरा दिवस राहिलेत आईचे. घरापर्यंतच्या रस्त्यात तिने मनातल्या मनात वाक्य जुळवलं. 'आई, हलिमाला थोडं कमी ऐकू येतं, फार नाही.' मोडलं. 'आई, घाबरण्यासारखं काही नाही.' मोडलं. 'आई, आम्ही तुम्हाला सांगणारच होतो.' ते सगळ्यात आधी मोडलं.

लिफ्टमध्ये पहिल्या मजल्यावरची मल्याळी शेजारीण होती, हातात केळीच्या पानांची जुडी. तिला पाहताच हलिमाने दोन्ही तळहात कानांवर दाबले. त्याबरोबर मशीन किंचाळली. बारीक, तीक्ष्ण शिट्टी. शेजारणीने आपला फोन काढून पाहिला. हलिमाने हात आणखी घट्ट दाबले, शिट्टी आणखी चढली.

"हात काढ, बेटा. झाकलं की वाजतं ते."

हलिमाने हात काढले. शिट्टी थांबली. शेजारीण पाहत होती. हलिमा खाली पाहत होती. पहिला मजला आला, शेजारीण उतरताना वाकून म्हणाली, "माय नेफ्यू हॅज. ब्लू कलर," आणि गेली.

"ब्लू," हलिमा स्वतःशीच म्हणाली.

तिसऱ्या मजल्यावर दारापाशी नबिलाने किल्ली काढली आणि पुन्हा पर्समध्ये टाकली. किल्लीने उघडून आत शिरणं चोरासारखं वाटलं असतं. तिने बेल दाबली.

मैमुनाबींनी कोपराने दार उघडलं. दोन्ही हात कोळंबी सोलून ओले, बोटांना चिकटलेली सालं. त्यांनी आधी सुनेकडे पाहिलं, मग नातीकडे. उघडं डोकं, मागे ओढलेले केस, आणि दोन्ही कानांमागून आत गेलेली पारदर्शक नळी.

"हे काय गं कानात?"

नबिलाने पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"डॉक्टरने दिलं, दादी," हलिमा म्हणाली. मराठीत म्हणाली, स्पष्ट, इंग्रजीचा आडोसा न घेता. "ऐकायला. आजच दिलं. अम्मीला पण माहीत नव्हतं."

आणि तिने आईकडे पाहिलं. त्या पाहण्यात भीती नव्हती. सांगितलेलं काम नीट केलं की मूल पाहतं, तशी ती पाहत होती.

किती सोपं होतं. नुसती मान हलवायची. हो आई, दाताला गेलो आणि कानाचं निघालं. मैमुनाबींचा विश्वास बसला असता, खैरुन्निसाचाही. याकूबने संध्याकाळी पाठ थोपटली असती. सात वर्षांच्या पोरीने आईसाठी सगळं आयतं मांडून ठेवलं होतं, आणि ते मांडायला तिला कोणी शिकवलं ते दारात उभ्या असलेल्या तिघींपैकी एकीलाच माहीत होतं.

"आज नाही, आई," नबिला म्हणाली. "एप्रिलपासून आहे."

मैमुनाबींचे ओले हात हवेत तसेच राहिले. एका बोटावरून पाणी खाली टपकलं.

"एप्रिल," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी यायच्या आदी."

"हो."

"याकूबला माहीत हाय?"

"हो."

"खैरूला?"

"नाही. तिच्यासाठीच..." नबिलाने मान हलवली. "तिच्यासाठी नाही. तुमच्यासाठी. सगळ्यांसाठी."

मैमुनाबींनी मनगटाच्या उलट्या बाजूने, कोळंबीचं पाणी लागू न देता, हलिमाच्या कानावरची एक बट मागे सारली आणि मशीनकडे जवळून पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता की आणखी काय, ते नबिलाला कळेना.

"खैरू कुठे पोचली?"

"वीस मिनिटांत येतील."

"मग दारात उभी राहू नको. असला दारात सांगायचा नसता. आत ये, बस, आणि ती यायच्या आत मना पहिल्यापासून सांग." त्या वळल्या, गालिच्यावर पसरलेल्या कागदापाशी, कोळंबीच्या ढिगाशेजारी मांडी घालून बसल्या आणि बाजूची जागा कोपराने दाखवली. "आणि तू गं, तू इथे. अम्मी कुठे चुकली तर बोल."

हलिमाने आधी आईकडे पाहिलं. नबिला सँडलचा पट्टा सोडायला वाकली होती. पट्टा सुटत नव्हता.

"बस," ती वर न बघता म्हणाली, आणि हलिमा दादीशेजारी जाऊन बसली.